डग्ग्यावर ठेवलेला हात

तीनतालाच्या सोळा मात्रांच्या ठेक्यात दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत डग्गा बोलत नाही. ‘तिं तिं ता ता’ हे चार बोल उजव्या हाताचा तबला एकटाच बोलतो, डावा हात डग्ग्याच्या चामड्यावर टेकलेला असतो आणि चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’बरोबर तो पुन्हा मोकळा होतो. माझे वडील हौशी तबलावादक होते. घरी शिकायला येणाऱ्या मुलांचा ठेका ते याच चार मात्रांवर तपासत, कारण डग्गा वाजवायला सगळेच उत्सुक असतात, तो गप्प ठेवायला मात्र बराच सराव लागतो, असे त्यांना वाटे. चार वर्षांपूर्वी घरात सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर, आणायचे ठरले, आणि तो बंद पेटीचा म्हणजे सील्ड घ्यावा की भोक असलेल्या पेटीचा म्हणजे पोर्टेड घ्यावा, या प्रश्नात मी काही महिने अडकलो, तेव्हा अखेर याच चार मात्रा माझ्या कामी आल्या.

इंदूरच्या रामबागेतले आमचे घर जुने आहे. पुढची खोली 15 फूट लांब, 11 फूट रुंद आणि साडेदहा फूट उंच आहे. भिंती दीड फुटी, पक्क्या विटांच्या, आणि खाली कोटा फरशी. रस्त्याकडचे आणि आतल्या खोलीचे अशी दोन्ही दारे लावून घेतली की बाहेरची वर्दळ एकदम दूर गेल्यासारखी वाटते. याच खोलीत वडिलांच्या एलपी तबकड्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ख्यालगायनाच्या आहेत. उस्ताद अमीर खाँ याच शहरात वाढले, त्यांच्या गायकीला या शहराचे नाव मिळाले, आणि झूमरा तालातला त्यांचा अतिविलंबित ख्याल ज्यांनी मन लावून ऐकला आहे त्यांना माहीत असेल की तिथे एका मात्रेपासून दुसऱ्या मात्रेपर्यंत केवढी मोठी जागा असते. त्या जागेत तंबोरा भरून राहिलेला असतो आणि डग्ग्याची आस, म्हणजे मागे राहणारा घुमारा, हळूहळू विरत जात असते. माझ्या लहान स्पीकरांतून तबल्याची चाट अगदी लख्ख यायची, पण डग्ग्याचे अंग यायचे नाही. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्झचा (सेकंदाला 139 कंपनांचा) असतो, म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर 69 हर्ट्झच्या आसपास येतो, आणि पाच इंची वूफरला तिथे पोहोचेपर्यंत धाप लागते. शिवाय शनिवारी रात्री जेवणे आटोपली की आम्ही तिघे याच खोलीत सिनेमा पाहतो. मुलीला सिनेमासाठी बास हवा होता, मला गाण्यासाठी हवा होता, आणि हाताशी पैसे एकाच सबवूफरपुरते होते.

दुकानात ऐकलेल्या पोर्टेड सबवूफरने आम्हा सगळ्यांनाच जिंकून घेतले. दहा इंची ड्रायव्हर म्हणजे हलून आवाज काढणारा गोल पडदा, मागच्या बाजूला तळहाताएवढ्या तोंडाची नळी, आणि सिनेमातला स्फोट वाजला तेव्हा खुर्चीच्या पाठीपर्यंत आलेली थरथर. ती जागा मोठी होती, एक बाजू पूर्ण उघडी होती आणि आवाजही खूप मोठा ठेवलेला होता, हे तिन्ही तपशील मी तेव्हा पाहिले, पण त्यांचा अर्थ लावला नाही. घरी आणून तो कोपऱ्यात ठेवला, कारण रिकामी जागा तीच होती. पहिल्या शनिवारी मुलगी खूश झाली. रविवारी सकाळी मी एलपी लावली. ख्याल मध्यलयीत आला, तीनताल सुरू झाला, आणि आतल्या खोलीत पडून ऐकत असलेली आई म्हणाली, “अरे, त्याला डग्ग्यावर हात ठेव म्हणावं.”

तिने चाळीस वर्षे त्या घरात तबला ऐकला होता. भिंतीपलीकडून तिला तबल्याचे बोल धड ऐकूही येत नव्हते, फक्त खालची घुमक पोहोचत होती, आणि तेवढ्यावरून तिने सांगितले की हा डग्गा बंद व्हायला हवा तिथे बंद होत नाही. मी पुन्हा तेच आवर्तन लावले. तिचे म्हणणे खरे होते. नवव्या मात्रेच्या ‘धा’चा घुमारा दहाव्या मात्रेवर सांडत होता, अकराव्या मात्रेपर्यंत रेंगाळत होता, आणि ज्या चार मात्रा मोकळ्या राहायला हव्यात त्यांच्या तळाशी एक गढूळ गुणगुण साचून राहत होती. खालीतला, म्हणजे नवव्या मात्रेपासूनच्या भागातला, हा रितेपणा गेला की ऐकणाऱ्याचा समेकडचा, म्हणजे पहिल्या मात्रेकडचा, रस्ताच पुसट होतो. माझ्या दृष्टीने हा दोष किरकोळ नव्हता.

दोष पेटीचा की खोलीचा, हे शोधायला मला महिना लागला. दोघांचाही होता. पेटीपासून सांगतो. मोबाइलवरून एकेक शुद्ध स्वर वाजवत मी 60 हर्ट्झपासून खाली येत गेलो आणि नळीच्या तोंडापुढे देवघरातली एक पेटती उदबत्ती धरली. 50 हर्ट्झला धुराची रेघ जरा डळमळली. 40 ला ती फाटली. 34 हर्ट्झच्या जवळ धूर नळीच्या तोंडातून जोराने आत-बाहेर होऊ लागला, रेघ म्हणून काही उरली नाही, आणि त्याच वेळी ड्रायव्हरच्या कागदी पडद्याकडे पाहिले तर तो जवळजवळ स्थिर उभा होता. आवाज भरपूर येत होता आणि पडदा हलत नव्हता. पोर्टेड पेटीचे सगळे तंत्र त्या दृश्यात आहे. त्या एका स्वरापाशी पडदा हवेला फक्त चेतवतो, वाजते ती नळीतली हवा.

घागरीच्या तोंडावर फुंकर घातली की ती ज्या एका स्वरात घुमते, तोच हा प्रकार आहे. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात तो नीट मांडला, म्हणून अशा पोकळीला त्याचे नाव आहे. आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि नळीतली हवा त्या स्प्रिंगवर बसवलेल्या वजनासारखी. नळी लांब केली की वजन वाढते आणि स्वर उतरतो. इंदूरकरांना हे समजायला पखवाज पुरेसा आहे. होळकर दरबारातल्या नानासाहेब पानसे यांच्यामुळे पखवाजाचे एक मोठे घराणेच या शहरात उभे राहिले, आणि त्या वाद्याच्या डाव्या पुडीवर बैठकीआधी भिजवलेली कणीक थापतात ती नेमकी याचसाठी, की वजन वाढले की पुडीचा स्वर खाली येतो. स्पीकरच्या पेटीला असे भोक ठेवून खालचा स्वर वाढवण्याचे पेटंट बेल लॅबोरेटरीजमधल्या अल्बर्ट थुरास यांना 1932 मध्ये मिळाले. भोकाचे आणि पेटीचे माप कसे जुळवायचे याचे भरवशाचे गणित मात्र 1961 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी आणि त्यानंतरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी करून दिले. त्याआधी बरेचसे काम अंदाजाने चाले.

या सोयीची किंमत दोन ठिकाणी चुकवावी लागते. पहिली किंमत वेळेची. जी वस्तू अनुनादाने वाजते ती लगेच वाजू लागत नाही आणि लगेच थांबतही नाही, त्यामुळे नळीच्या स्वराच्या आसपासचा आवाज मागे रेंगाळतो. दुसरी किंमत त्या स्वराच्या खाली आहे. तिथे नळी पडद्याला काहीच आधार देत नाही, आवाज दर सप्तकाला 24 डेसिबलच्या वेगाने कोसळतो आणि पडदा मोकाट सुटतो. हे मला एलपीनेच दाखवले. वडिलांच्या काही तबकड्या वर्षानुवर्षे आडव्या रचून ठेवल्याने किंचित वाकल्या आहेत. अशी एक तबकडी फिरू लागली, सुई अजून गाण्यापर्यंत पोहोचलीही नव्हती, आणि खोलीत काही ऐकू येत नसताना सबवूफरचा पडदा अर्धा इंच पुढे, अर्धा इंच मागे असा सावकाश, थकलेल्या श्वासासारखा हलत होता. वाकलेल्या तबकडीमुळे सुई वर-खाली होते, त्यातून काही मोजक्या हर्ट्झचा, कानाला न कळणारा संदेश निघतो, आणि भोकाच्या पेटीतल्या पडद्याला त्या संदेशापासून वाचवणारे आत काही नसते. चांगल्या पोर्टेड सबवूफरमध्ये यासाठी नेटका फिल्टर असतो. माझ्यातला फारच सौम्य होता.

खोलीचा हिशेब याहून सोपा निघाला. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. माझ्या खोलीची लांबी 4.57 मीटर, म्हणून तिचा सर्वांत खालचा अनुनाद 37.5 हर्ट्झला येतो आणि त्याचा दुप्पट 75 ला. रुंदी आणि उंची जवळपास सारखीच असल्याने त्या दोघींचे अनुनाद 51 आणि 54 हर्ट्झला एकमेकांना चिकटून बसतात. आता 34 हर्ट्झला घुमणारी नळी, 37 ला घुमणारी खोली आणि या सगळ्याला कोपऱ्यातून मिळणारे बळ एकत्र करून पाहा. आपल्याकडच्या विटांच्या जाड भिंती यातला बराचसा आवाज बाहेर जाऊ देत नाहीत, तो परत खोलीतच टाकतात. सबवूफर कोपऱ्यातून काढून लांब भिंतीच्या तिसऱ्या हिश्शावर आणला, बसायचा दिवाण मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे घेतला, आणि निम्मी तक्रार तिथेच मिटली. जागा शोधायची जुनी रीत मी वापरली आणि ती कोणालाही सुचवीन: सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा, ओळखीचे गाणे लावायचे आणि आपण भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरून जिथे बास सर्वांत समतोल ऐकू येतो ती जागा शोधायची. सबवूफरची जागा तीच.

उरलेल्या निम्म्या तक्रारीसाठी भाच्याने मदत केली. तो पूर्वी एका लहान खोलीत भाड्याने राहायचा आणि त्याच्याकडे बारा इंची सील्ड सबवूफर होता. बायपासकडच्या नव्या फ्लॅटमध्ये गेल्यावर त्याने मोठा पोर्टेड घेतला होता आणि जुना माळ्यावर पडून होता. “मामा, महिनाभर वाजवून बघा, मग ठरवा,” असे म्हणून तो गाडीत घालून घेऊन आला. लांबी, रुंदी, उंची तिन्ही जेमतेम सव्वा फूट, पण उचलायला आम्ही दोघे लागलो.

पहिल्या संध्याकाळी मी त्याच्यावर अन्याय केला. तो मला पातळ वाटला. दोन्ही सबवूफरची पातळी मी सारखी केलेली नव्हती, आणि जे मोठ्याने वाजते ते कानाला आधी आवडते. दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या मापकाने बसण्याच्या जागी दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला आणि मग तीच एलपी, तेच आवर्तन लावले. नववी मात्रा, ‘धा’, डग्गा भरदार वाजला, हात टेकल्यासारखा थांबला, आणि पुढच्या चार मात्रा मोकळ्या राहिल्या. तंबोरा त्या रिकाम्या जागेतून आरपार ऐकू आला. डग्ग्यावर मनगट घासत नेल्यावर ‘घे’चा स्वर वर चढत जातो, त्या चढाच्या मधल्या पायऱ्याही मला दिसल्यासारख्या ऐकू आल्या, आधी त्यांतली एखादीच फुगून उठायची आणि बाकीच्या बुडायच्या.

बंद पेटीत हे का होते, याचे उत्तर 1954 चे आहे. एडगर विल्चर यांनी हेन्री क्लॉस यांच्याबरोबर अमेरिकेत एआर-1 हा स्पीकर बाजारात आणला, त्यात पेटी लहान आणि घट्ट बंद होती. पडद्याला मागे ओढून धरणारी स्प्रिंग म्हणून त्यांनी पडद्याला कडेने धरणाऱ्या रबर-कापडापेक्षा कोंडलेल्या हवेवर भिस्त ठेवली, कारण हवा पुढे-मागे जास्त सारखेपणाने दाब देते. वाकलेली तबकडी लावली तरी ही हवा पडद्याला फार भटकू देत नाही. शिवाय बंद पेटीचा आवाज खाली जाताना दर सप्तकाला 12 डेसिबलच्या सौम्य उताराने कमी होतो. लहान, बंद, पक्क्या भिंतींची खोली तिच्या सर्वांत खालच्या अनुनादाखाली आवाजाला उलट उचलून धरते. माझ्या खोलीत ही उचल 37 हर्ट्झच्या खाली सुरू होते. एकीकडून उतार आणि दुसरीकडून चढ असे दोन्ही एकमेकांना बरेचसे भागवतात, आणि कागदावर 35 हर्ट्झला दमणारी पेटी माझ्या खोलीत पंचविशीपर्यंत सहज जाते. पोर्टेड पेटीला तळापर्यंत सपाट वाजवायचे म्हणून घडवलेले असते. तिच्यावर खोलीने आणखी भर घातली की बास डोईजड होतो. हा हिशेब मला आधी कळला असता तर दुकानात मी वेगळी पेटी उचलली असती.

सील्ड म्हणजे वेगवान बास आणि पोर्टेड म्हणजे मंद बास, असे सरसकट बोलले जाते ते मला पटत नाही. 60 हर्ट्झचा स्वर कुठल्याही पेटीतून तेवढाच वेळ घेऊन येतो, आणि डग्ग्यावरच्या बोटांच्या आघाताचा टोकदार भाग तर सबवूफरमधून येतच नाही, तो वरच्या स्पीकरांतून येतो. फरक थांबण्यात आहे, आणि नळीचा स्वर संगीताच्या किती जवळ आहे त्यावर तो कमी-जास्त होतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झची आहे. नळी 34 ला घुमत असेल तर ती या तारेच्या शेजारीच उभी असते. नळी 18 किंवा 20 ला घुमत असेल तर तबला, पखवाज, गिटार यांपैकी कोणीही तिच्या वाटेला जात नाही. पण इतका खालचा स्वर देणारी पेटी फार मोठी होते, आणि माझ्या खोलीत ती ठेवायला जागा नव्हती.

सिनेमाचे गणित मात्र वेगळे आहे, आणि तिथे मी सील्डची बाजू डोळे झाकून घेणार नाही. सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात सबवूफरसाठी स्वतंत्र वाहिनी असते, 5.1 या ध्वनिमांडणीतला ‘पॉइंट वन’ तो हाच. ती 120 हर्ट्झपर्यंतचाच आवाज नेते आणि वाजवताना तिला इतर वाहिन्यांपेक्षा 10 डेसिबल जास्त वाव दिलेला असतो. भूकंप, जहाजाचे इंजिन, कोसळणारी इमारत यांचा तळ पुष्कळदा 20 ते 30 हर्ट्झमध्ये असतो. बंद पेटीत एक सप्तक खाली तेवढ्याच मोठ्या आवाजात जायचे तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. 40 हर्ट्झला जो पडदा दोन मिलिमीटर हलून काम भागवतो, त्याला 20 ला आठ मिलिमीटर हलावे लागते. पोर्टेडमध्ये हे ओझे नळी उचलते. माझ्या खोलीत भिंती मदतीला येतात म्हणून सिनेमातही सील्ड कमी पडत नाही. मुलीने दोन शनिवार ऐकून ‘आधीएवढा हादरत नाही, पण संवाद आता नीट कळतात’ असे सांगितले आणि तिची हरकत राहिली नाही. मी भाच्याला त्याच्या सील्डचे पैसे घ्यायला लावले आणि माझा पोर्टेड विकून टाकला.

भाच्याच्या हॉलमध्ये मात्र तोच सील्ड कसा दमला होता, हे मी स्वतः ऐकले आहे. तो हॉल 24 फूट लांब आहे, स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा त्याला उघडी जोडलेली आहे, आणि बाल्कनीचे सरकते दार बहुतेक वेळ अर्धे उघडे असते. तिथे उचल द्यायला बंद खोलीच नाही. सिनेमातले युद्ध सुरू झाले की पडदा टोकापर्यंत जाऊन थबकायचा, आतले संरक्षक सर्किट आवाज आवळायचे आणि स्फोटाऐवजी नुसता ठोका ऐकू यायचा. त्याचा नवा पोर्टेड लहान फ्रिजएवढा आहे, नळ्या 20 हर्ट्झच्या जवळ जुळवलेल्या आहेत, आणि तोच प्रसंग त्यावर लावला तेव्हा आधी पायांखालच्या फरशीला कळले आणि मग मला. शेजारधर्म म्हणून रात्री नऊनंतर तो पातळी उतरवतो, कारण 20 हर्ट्झची लाट 17 मीटर लांब असते आणि स्लॅब तिला अडवत नाही.

गेल्या दिवाळीत मी त्याच्याकडे वडिलांच्या एका एलपीवरून उतरवून घेतलेले ध्वनिमुद्रण घेऊन गेलो. त्याच्या सबवूफरबरोबर फोमचे बोळे आले आहेत. ते नळ्यांत घट्ट बसवून आणि सेटिंग बदलून तीच पेटी सील्ड करता येते. त्याने माझ्यासाठी ते आधीच बसवून ठेवले होते. आम्ही ते आवर्तन बोळ्यांसकट ऐकले, पातळी पुन्हा जुळवून बोळ्यांशिवाय ऐकले, मग मला पाठ करून बसवून त्याने न सांगता दोन-तीनदा आलटून-पालटून लावले. दहावी, अकरावी, बारावी, तेरावी. दोन्ही वेळा डग्गा वेळेवर थांबत होता आणि कोणता प्रकार चालू आहे हे मला एकदाही खात्रीने सांगता आले नाही. “मग ठेवू का काढून, मामा?” त्याने विचारले. मी हो म्हणालो, आणि त्याने दोन्ही बोळे खोक्यात घालून ते खोके माळ्यावर ठेवून दिले.